शत्रूचा चेहरा

पुस्तकाचे वा नाटकाचे परीक्षण लिहिणारा मनुष्य बहुधा एकटाच असतो. तो एकट्याने वाचतो, एकट्याने पाहतो, आणि स्वतःच्या मनावर उमटलेला ठसा हाच सर्वांचा अनुभव असे समजून लिहून मोकळा होतो. आम्हीही आजवर तेच करीत आलो. परंतु गेल्या मे महिन्यात विजयदुर्ग मुक्कामी एक निराळा योग आला. पंधरा-वीस प्रेक्षकांच्या सोबतीने दूरचित्रवाणी मालिकेचा एक जुना भाग आम्ही पाहिला, त्यानंतर रात्री उशिरापर्यंत त्यावर चाललेली चर्चा ऐकली, आणि त्या चर्चेत आमचे स्वतःचे मत बदलून गेले. ते कसे बदलले हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या वाचकमंडळातील चार-पाच कुटुंबे दोन दिवसांच्या सहलीसाठी विजयदुर्गास गेली होती. दिवसभर किल्ल्याच्या तटावरून हिंडून झाले. रात्री जेवणानंतर मुलांनी काहीतरी दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा मंडळातील एका तरुणाने उतरलो होतो त्या घराच्या अंगणात दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर ताणली आणि सोबत आणलेल्या यंत्रातून तिच्यावर चित्र पाडले. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेतील ‘बॅलन्स ऑफ टेरर’ नावाचा तो भाग. १५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेलेला, सुमारे ५० मिनिटांचा. संवाद इंग्रजीत असल्याने तो तरुण मधूनमधून चित्र थांबवी आणि मराठीत चार वाक्ये सांगे. आम्हां प्रौढांपैकी काहींना ही मालिका अपरिचित नव्हती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती दाखवली जात असे, आणि मिस्सा आटोपून घरी धावत येणाऱ्या मुलांत त्या वेळी आम्हीही होतो.

अंतराळातील लढाई पाहायला विजयदुर्गासारखे दुसरे स्थळ शोधून सापडणार नाही, असे आम्हांला त्या रात्री वाटले. वाघोटण खाडीच्या मुखाशी उभा असलेला हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे होता. १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी त्यावर चाल केली. दोघांनाही हात हलवीत परतावे लागले. फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र अॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांची गलबते समुद्राकडून आली आणि जमिनीकडून त्यांच्या मदतीला पेशव्यांचे सैन्य होते. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या एका जहाजावर तोफेचा गोळा पडला, ते पेटले, आणि ती आग पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे सारे आरमार खाडीत जळून गेले. मराठी सत्तेचे आरमार बुडवायला मराठी सत्तेनेच हातभार लावला, ही या किनाऱ्याची जुनी खंत आहे. या लढाईच्या इतिहासात सेनापतींची नावे आहेत. त्या रात्री जळालेल्या गलबतांवर किती खलाशी होते आणि त्यांच्या घरी निरोप कोणी नेला, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता त्या भागाचे कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानावरील छोट्या प्रार्थनामंदिरात एका तरुण जोडप्याचा विवाह लागत आहे. कप्तान कर्क विवाहविधीची सुरुवात करतो आणि इतक्यात धोक्याचा इशारा वाजतो. सीमेवरच्या चौक्या कोणीतरी एकामागून एक नष्ट करीत आहे. वर आणि वधू, दोघेही त्याच यानावरचे सैनिक. दोघेही आपापल्या जागेकडे धावतात. शत्रूचे नाव रोम्युलन. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याशी मोठे युद्ध झाले, तहही झाला. पण त्या काळात कोणी कोणाचा चेहरा पाहिला नाही. आता शत्रूचे यान अदृश्य होण्याची विद्या घेऊन आले आहे. दिसत नाही अशा शत्रूचा पाठलाग, दोन्ही यानांनी इंजिने बंद करून तासन्‌तास श्वास रोखून बसणे, एकमेकांची पुढची चाल ओळखण्याची दोन कप्तानांची धडपड, हा या भागाचा मुख्य ऐवज. शेवटी रोम्युलन यान निकामी होते. कर्क शत्रूच्या उरलेल्या लोकांना वाचवण्याची तयारी दाखवतो. रोम्युलन सेनापती ती नाकारतो आणि स्वतःच्या हाताने आपले यान नष्ट करतो. ‘एंटरप्राइज’वरचा एकच माणूस दगावतो. तो त्या सकाळचा नवरदेव.

जाणकार वाचकांच्या ध्यानात येईल की हा सारा आराखडा पाणबुडीच्या युद्धाचा आहे. १९५७ साली ‘द एनिमी बिलो’ नावाचा चित्रपट आला होता. त्यात अटलांटिक महासागरात एक अमेरिकन विनाशिका आणि एक जर्मन पाणबुडी एकमेकींच्या मागावर असतात, आणि दोन्ही कप्तानांच्या मनात परस्परांविषयी आदर उत्पन्न होतो. लेखक पॉल श्नायडर यांनी या भागाची मांडणी त्याच धर्तीवर केली. म्हणजे अंतराळाची ही लढाई मुळात समुद्राची लढाई आहे, आणि ती पाहणारे आमचे प्रेक्षक समुद्रकाठचे होते.

प्रथम मुलांची प्रतिक्रिया सांगतो. ती निराशेची होती. अर्धा तास झाला तरी पडद्यावर माणसे नुसती बसून कुजबुजत आहेत, हे पाहून एका सात-आठ वर्षांच्या मुलाने न राहवून विचारले, “लढाई कधी सुरू होतली?” सारे हसले, पण त्या मुलाचे काही चुकले नव्हते. आजच्या मुलांना अंतराळयुद्ध म्हटले की क्षणाक्षणाला स्फोट हवेत. आमच्या पिढीची सवय तरी कुठे वेगळी होती? १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन एकमेकांना विझवीत, आणि तो क्षण पाहण्यासाठी सारी वाडी एका दूरचित्रवाणी संचापुढे गोळा होई. पुढे ‘कॅप्टन व्योम’ आला, त्याने तीच हौस यानांच्या आणि किरणशस्त्रांच्या साहाय्याने भागवली. लढाई म्हणजे अस्त्राला अस्त्र भिडणे, अशी दृष्टीला सवय लागली की वाट पाहणे हाही लढाईचाच भाग आहे हे कळायला वेळ लागतो.

दुसरी प्रतिक्रिया विज्ञानाच्या बाजूने आली. मंडळातील एक शिक्षक विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, “अंतराळात हवा नाही, म्हणजे आवाज एका यानातून दुसऱ्या यानात जाणारच नाही. मग ही मंडळी हळू आवाजात का बोलताहेत? ढोल बडवले तरी शत्रूला ऐकू जायचे नाहीत.” आक्षेप बिनतोड आहे. पाणबुडीच्या गोष्टीतील मौन लेखकाने जसेच्या तसे पोकळीत नेऊन ठेवले आणि तेथे ते शास्त्राला सोडून झाले. विज्ञानकथेने विज्ञानाशी इमान राखावे, अशी अपेक्षा मराठी वाचकाने करणे स्वाभाविकच आहे. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्याकडे या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या कथांत लढाया कमी आणि विचाराचे पेच अधिक असतात, आणि त्या पेचांना शास्त्राचा भरभक्कम आधार असतो. त्या मोजपट्टीने पाहता हा भाग येथे उणा ठरतो, हे आम्ही मान्य करतो.

या आक्षेपाला उत्तर दिले ते एका निवृत्त नौसैनिकाने. हे काका एरवी फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, “मास्तर, शास्त्र तुमचं बरोबर असेल. पण माणसं अशीच बसतात. पाणबुडी जवळ आहे असं कळलं की चमचा पडला तरी अंगावर काटा येतो. आवाज शत्रूपर्यंत जातो की नाही याचा हिशेब तेव्हा कोणी करत नाही.” थोडे थांबून त्यांनी ‘खुकरी’चे नाव काढले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. काका त्या वेळी दुसऱ्या नौकेवर होते. “शत्रूचं तोंड आम्ही कधीच पाहिलं नाही,” ते म्हणाले. “समुद्रात शत्रू दिसत नाही. दिसतं ते फक्त पाणी.”

त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. शास्त्रदृष्ट्या चुकीचे असलेले ते मौन माणसाच्या दृष्टीने किती खरे आहे, हे आम्हांला काकांमुळे उमगले. समीक्षेच्या भाषेत यावर आम्ही चार पाने लिहिली असती, तरी एवढे साधले नसते.

तिसरी प्रतिक्रिया स्त्रियांकडून आली. भागाच्या शेवटी ती वधू यानावरच्या प्रार्थनामंदिरात एकटीच उभी असते. कप्तान कर्क तिच्याजवळ जातो, तिला जवळ घेतो, घडले त्याला काही अर्थ नसला तरी कारण होते एवढे मनाशी धरून ठेव, अशा आशयाचे काही बोलतो. ती आपण ठीक असल्याचे सांगून निघून जाते. कर्कही बाहेर पडतो आणि यानाच्या बोळातून चालू लागतो. येथे भाग संपतो. आमच्यातील एका मावशींना हे मुळीच पटले नाही. “त्या चेडवाचा पुढे काय झाला?” असे त्यांनी त्या तरुणाला दोनदा विचारले. पुढे काही नाही, भाग संपला, असे त्याने सांगताच त्या म्हणाल्या, “म्हणजे तेच्या दुःखाक एक मिनिट, आणि तुमच्या कप्तानाच्या काळजीक पाऊण तास.”

ही टीका आम्हांला न्याय्य वाटली. लेखकाने विवाह आरंभी ठेवला आणि शोक शेवटी ठेवला, एका वेदीपासून निघालेली गोष्ट त्याच वेदीपाशी आणून सोडली. रचनेच्या दृष्टीने ही मोठी समंजस योजना आहे. विजयाच्या जल्लोषावर पडदा पाडण्याऐवजी एका कोऱ्या राहिलेल्या विवाहनोंदीवर पाडणे, हे त्या काळातील साहसमालिकांत सहसा होत नसे. परंतु मावशींचे म्हणणेही खरे, की त्या मुलीला तिचे स्वतःचे असे एकही वाक्य मिळालेले नाही. ती कप्तानाच्या मनावरचा भार दाखवण्यापुरती येते. १७५६ च्या इतिहासात ज्या घरांची नोंद झाली नाही त्या घरांकडे ही कथा नजर टाकते, उंबरठ्याशी उभी राहते. आत मात्र जात नाही.

आता आम्ही या भागाच्या गाभ्याकडे येतो. पाठलाग चालू असताना ‘एंटरप्राइज’वरील तंत्रज्ञ शत्रूच्या यानातील एक चित्र पकडतात, आणि पडद्यावर प्रथमच रोम्युलन सेनापतीचा चेहरा दिसतो. उभ्या भुवया, टोकदार कान. हुबेहूब तशाच भुवया आणि तसेच कान यानावरचा प्रमुख अधिकारी स्पॉक याचे आहेत. स्पॉक व्हल्कन वंशाचा. रोम्युलन हे त्याच वंशाची फार पूर्वी तुटलेली शाखा असावेत असे तो स्वतःच तर्काने सांगतो. क्षणात यानावरचे वातावरण बदलते. स्टाइल्स नावाचा एक तरुण अधिकारी आहे. त्याच्या कुळातील अनेकजण शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धात पडलेले. तो उघडपणे स्पॉकवर संशय घेऊ लागतो. कप्तान त्याला खडसावतो की असला द्वेष आपल्या खोलीत ठेवावा, कामाच्या जागी आणू नये. पुढे स्पॉककडून चुकून एक कळ दाबली जाते आणि शत्रूला त्यांचा ठावठिकाणा कळतो. संशयाला आणखी खतपाणी मिळते. शेवटी शस्त्रागारात विषारी वायू पसरतो. काही क्षणांपूर्वी ज्या स्पॉकची मदत स्टाइल्सने तुसडेपणाने नाकारली, तोच स्पॉक धावत आत शिरतो, शस्त्र चालवतो आणि स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो. नवरदेव तेवढा आत राहतो. रुग्णशय्येवर पडलेला स्टाइल्स खजील होतो, आणि प्रेक्षकाला हायसे वाटते.

आम्ही या प्रसंगाची मनापासून स्तुती केली. चर्चेत आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो की, ही मालिका १९६६ सालची, म्हणजे अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात होता त्या काळातली. तिच्या यानावर कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी आहे, जपानी वंशाचा सुकाणूधारी आहे. अशा वेळी चेहऱ्यावरून माणसाची निष्ठा ठरवू नये हे तत्त्व एका साहसकथेतून लाखो घरांत नेणे, हे मोठेच कार्य होय. संशय घेणाऱ्याचा प्राण संशयितानेच वाचवावा, याहून सुंदर उत्तर काय असू शकते? आमचे बोलणे संपले तेव्हा दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आम्हांलाही आपण बरे बोललो असे वाटले.

तेवढ्यात चटईच्या कडेला बसलेल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “पण काका, स्पॉकला तिथं पोचायला उशीर झाला असता तर? मग तो हेरच ठरला असता ना?”

आम्हांला उत्तर सुचले नाही.

ती पुढे म्हणाली, “म्हणजे स्टाइल्सला काहीच सिद्ध करावं लागलं नाही. तो आधीपासूनच आपला. स्पॉकला मात्र विषारी वायूत शिरावं लागलं. इतकी वर्षं त्याच यानावर काम केलं ते कोणी मोजलंच नाही.”

वाचकहो, ज्या प्रसंगाला आम्ही या भागाचे भूषण समजत होतो, त्यातील उणीव त्या मुलीने दोन वाक्यांत दाखवली. लेखकाने संशय अन्यायाचा ठरवला खरा. पण तो दूर केला संशयिताच्या पराक्रमाने. त्यामुळे संशयाच्या मागची समजूत जागच्या जागी राहिली. ती समजूत अशी, की ज्याचा चेहरा, ज्याचे नाव, ज्याची उपासना थोडी वेगळी आहे, त्याने अधूनमधून आपल्या निष्ठेची परीक्षा द्यावी, आणि ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी. जो उत्तीर्ण होईल त्याचा आपण जाहीर सत्कार करू. ज्याला तशी संधीच मिळाली नाही, त्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

हा केवळ कथेतला प्रश्न नाही. ‘एंटरप्राइज’च्या सुकाणूवर बसलेल्या सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई हे जन्माने अमेरिकन. १९४२ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, आईवडिलांसह त्यांची रवानगी काटेरी तारांच्या छावणीत झाली, कारण अमेरिकेचे जपानशी युद्ध चालू होते आणि त्यांचे आईवडील जपानी वंशाचे होते. अमेरिकेने जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना असे बंदिस्त ठेवले, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. चेहऱ्यावरून शत्रू ठरवण्याच्या या कथेत तो नट काही हातांवर बसलेला आहे, हे आठवले की तो प्रसंग निराळाच दिसू लागतो. दूर कशाला, आपल्या देशातही १९६२ च्या चीन युद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. पाच वर्षांच्या पोराने वा सत्तरीच्या म्हातारीने कोणत्या विषारी वायूत शिरून आपली निष्ठा सिद्ध करायची होती?

याच संदर्भात आम्हांला नारळीकरांची एक गोष्ट आठवली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या कीर्तीचा निवाड्यावर परिणाम होऊ नये, कथेकडे केवळ कथा म्हणून पाहिले जावे, हा त्यांचा हेतू. कथेला पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसाला नाव झाकून स्वतःची पारख करून घेता येते. स्पॉकला आपले कान कोठे झाकता येणार होते?

त्या रात्री आम्ही तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, जी पहिल्या वेळी निसटली होती. आपला जीव स्पॉकने वाचवला, आपण असे वागलो असताही वाचवला, असे स्टाइल्स सांगू लागतो, तेव्हा स्पॉक ती कृतज्ञता स्वीकारत नाही. आपण एका प्रशिक्षित अधिकाऱ्याला कामावर परत येता यावे म्हणून वाचवले, याहून वेगळी भावना त्यात नव्हती, एवढेच तो कोरडेपणाने सांगतो. पहिल्या वेळी या उत्तरावर आम्ही सारे हसलो होतो. व्हल्कन लोक भावनाशून्य असतात, ही मालिकेतली नेहमीची गंमत, असे समजून सोडून दिले होते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर ते उत्तर कोरडे वाटेना. स्पॉक त्या परीक्षेला बसलाच नव्हता, असा त्याचा अर्थ आम्हांला दिसू लागला. त्याने आपले काम केले. ते प्रमाणपत्रासाठी केले नाही, आणि देऊ केलेले प्रमाणपत्र त्याने हातात घेतले नाही. ज्याला आपण या यानावरचे आहोत याविषयी स्वतः शंका नाही, त्याने दुसऱ्याच्या शंकेला दिलेले हे उत्तर आहे.

लेखकाने हे जाणून लिहिले की स्पॉकच्या स्वभावाला धरून सहज लिहून गेले, हे आम्ही ठरवू शकत नाही. परंतु कलाकृतीत एवढे असते, आणि ते बाहेर काढायला एखादा नेमका प्रश्न लागतो. त्या उत्तरामुळे भागातील उणीव पुसली जात नाही. स्टाइल्स अखेरपर्यंत एवढेच शिकतो की हा स्पॉक चांगला आहे. आपण मुळात संशय घ्यायला नको होता, हे तो शिकला की नाही ते कळत नाही. मात्र कथेने स्टाइल्सच्या तोंडून जे अर्धवट ठेवले, ते स्पॉकच्या तोंडून पुरे करण्याचा प्रयत्न केला आहे, असे आता आम्ही म्हणू.

रोम्युलन सेनापतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मार्क लेनार्ड या नटाने ही भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. हा सेनापती युद्धाला कंटाळलेला आहे, जुन्या मित्राच्या मृत्यूने खचलेला आहे, आज्ञा पाळण्यापलीकडे त्याला वाट नाही. शेवटी कर्कशी बोलताना, काळ वेगळा असता तर आपण मित्र झालो असतो, अशा आशयाचे तो बोलतो, आणि मग यानासह नष्ट होतो. आमच्या मंडळातील नौसैनिक काकांना हा मनुष्य सर्वांत जवळचा वाटला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढच्याच वर्षी याच नटाने याच मालिकेत स्पॉकच्या पित्याची भूमिका केली. जो चेहरा आधी शत्रूचा म्हणून दिसला, तोच नंतर घरातल्या वडीलधाऱ्याचा म्हणून आला. आणि प्रेक्षकांनी तो तसा स्वीकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ पाहायला गेलो. हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी याच जागेवरून लागला, असे स्थानिक मंडळी अभिमानाने सांगतात. नॉर्मन लॉकियर हे शास्त्रज्ञ १८६८ साली इंग्लंडमध्ये होते आणि तेथूनच त्यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते प्रत्यक्ष आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या खेपेस ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी निरीक्षणाच्या कामी त्यांच्या मदतीला होते. ज्या किल्ल्यावर १७५६ मध्ये ब्रिटिश नौसैनिकांनी तोफा डागल्या, तेथेच १४२ वर्षांनी ब्रिटिश नौसैनिक सूर्याकडे दुर्बिणी रोखून सेकंद मोजत उभे होते. आम्ही हे सांगितले तेव्हा नौसैनिक काका म्हणाले, “हे काम बरं. यात समोरच्याचं तोंड बघायचं कारणच नाही.” त्यावर ती नववीतली मुलगी म्हणाली, “बघायचं असलं तरी काय बिघडतं?”

आमची शिफारस अशी, की हा भाग सहकुटुंब पाहावा. त्यातले शास्त्र काही ठिकाणी लटके आहे, स्त्रीपात्राला न्याय मिळालेला नाही, आणि रंगवलेल्या पुठ्ठ्याची यंत्रे पाहून मुले हसतील, हसू द्यावीत. भाग संपल्यावर मात्र वडीलधाऱ्यांनी लगेच तात्पर्य सांगू नये. आधी मुलांना बोलू द्यावे. आम्ही आधी बोललो, आणि थोडक्यात वाचलो. ती मुलगी गप्प बसली असती, तर हे परीक्षण आम्ही चुकीचे लिहिले असते.